स्वस्त घराचा महाग हिशेब
खास प्रतिनिधी, ठाणे

जगातील महागड्या शहरांच्या याद्या दरवर्षी प्रसिद्ध होतात. लंडन, पॅरिस, झ्युरिक, हाँगकाँग ही नावे त्यांत थोड्याफार फरकाने वर-खाली होत राहतात. घरभाडे, प्रवास, कपडे, खाद्यपदार्थ, करमणूक यांच्या किमती न्यूयॉर्कमधील किमतींशी ताडून पाहायच्या आणि क्रमांक लावायचे, अशी या पाहण्यांची सर्वसाधारण पद्धत. 'मर्सर' या सल्लागार कंपनीच्या २०२४ सालच्या यादीत भारतीय शहरांपैकी मुंबई सर्वाधिक महाग ठरली, मात्र जगाच्या क्रमवारीत तिला पहिल्या शंभरातही स्थान नव्हते. परदेशी कंपनीच्या अधिकाऱ्याला मुंबईत पाठवायचे तर त्याला भत्ता किती द्यावा, हे ठरविण्यासाठी ही यादी उपयोगी पडते. मुंबईचा पगार घेऊन डोंबिवलीत राहणाऱ्या कारकुनाचा, बँक कर्मचाऱ्याचा वा शिक्षिकेचा तिच्याशी काहीही संबंध नसतो.

मुंबईतील मध्यमवर्ग गिरगाव, दादर, परळ सोडून गेली पाच-सहा दशके मध्य रेल्वेच्या मार्गाने पुढे पुढे सरकत आला, तो एका साध्या हिशेबावर. मुंबईत घर परवडत नाही, ठाण्यापलीकडे परवडते, आणि रेल्वेचा पास तर सर्वांनाच परवडतो. २०११ च्या जनगणनेत ठाणे महापालिकेची लोकसंख्या १८ लाख ४१ हजार आणि कल्याण-डोंबिवलीची १२ लाख ४७ हजार भरली, ती याच हिशेबाच्या बळावर. या शहरांतील सहकारी बँका याच वर्गाच्या ठेवींवर आणि गृहकर्जांवर वाढल्या. प्रश्न असा की, हा हिशेब आज कितपत खरा उरला आहे?

पंधरा रुपयांचे तिकीट

हिशेबातील सर्वांत भक्कम रकाना रेल्वेचा. डोंबिवली ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे ४८ किलोमीटर, आणि दुसऱ्या वर्गाचे तिकीट १५ रुपये. जुलै २०२५ मध्ये रेल्वेने लांब पल्ल्याच्या गाड्यांचे भाडे वाढविले, तेव्हाही उपनगरी प्रवास आणि मासिक पास यांना हात लावला नाही. इतक्या कमी पैशांत इतक्या लांबचा रोजचा प्रवास युरोपातील बहुतेक राजधान्यांत शक्य नाही. लंडनमध्ये शहराच्या केंद्रापासून जितके दूर राहावे तितका प्रवास महाग होत जातो, आणि रेडिंगसारख्या गावाहून रोज ये-जा करणाऱ्याच्या वार्षिक पासाला हजारो पौंड मोजावे लागतात. घर दूर घेऊन वाचलेल्या भाड्याचा मोठा भाग तेथे रेल्वे काढून घेते.

पॅरिसने वेगळी वाट धरली. तेथे सप्टेंबर २०१५ पासून संपूर्ण महानगर प्रदेशासाठी एकाच दराचा मासिक पास आहे. राजवाड्याशेजारी राहणारा आणि तासाभराच्या अंतरावरील उपनगरात राहणारा, दोघांनाही तोच. २०२५ मध्ये त्याची किंमत ८८ युरो ८० सेंट होती. शिवाय कर्मचाऱ्याच्या पासाची निम्मी रक्कम मालकाने सोसावी, असा फ्रान्समध्ये कायदा आहे. कामगाराला दुरून यावे लागते ते मालकाच्या कामासाठी, तेव्हा त्या खर्चात मालकाचाही वाटा असावा, हे तत्त्व त्यामागे आहे. मुंबईत हा वाटा रेल्वे उचलते, तोट्यात. परंतु रेल्वे जे उचलत नाही ते कोण उचलतो, हे पाहण्यासाठी सकाळी पावणेआठ वाजता डोंबिवली स्थानकाच्या पुलावर उभे राहणे पुरेसे आहे.

डोंबिवलीहून सुटणारी गाडी मिळाली नाही, तर कल्याण, बदलापूर, टिटवाळा, कसारा येथून भरून आलेल्या जलद गाडीच्या दाराशी लटकणे एवढाच पर्याय उरतो. म्हणून कित्येक प्रवासी आधी उलट दिशेने कल्याणला जातात, तेथे गाडी रिकामी होताना जागा पकडतात आणि मग त्याच मार्गाने परत मुंबईकडे निघतात. त्यासाठी पास डोंबिवलीचा नव्हे, कल्याणचा काढावा लागतो आणि घरातून अर्धा तास आधी निघावे लागते. बसायला मिळण्याची ही किंमत कोणत्याही महागाई निर्देशांकात मोजली जात नाही. ज्यांना परवडते ते प्रथम वर्गाचा किंवा वातानुकूलित गाडीचा पास घेतात आणि त्यासाठी दुसऱ्या वर्गाच्या कित्येक पट पैसे मोजतात. मे २०२२ मध्ये वातानुकूलित लोकलच्या एकेरी तिकिटाचे दर निम्म्याने कमी झाल्यावर या गाड्यांतही उभे राहायला जागा उरली नाही. त्यावरून लोक थोड्याशा मोकळ्या श्वासासाठी किती पैसे द्यायला तयार आहेत, हे दिसून आले.

९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्रा स्थानकाजवळील वळणावर विरुद्ध दिशांनी जाणाऱ्या दोन खच्चून भरलेल्या लोकलच्या दारांतील प्रवासी एकमेकांना घासून रुळांवर फेकले गेले. त्या दिवशी चार जणांनी प्राण गमावले. मुंबई उपनगरी रेल्वेच्या हद्दीत २०२३ या एका वर्षात २,५९० जणांचा मृत्यू झाला, म्हणजे दिवसाला सरासरी सात. रूळ ओलांडणारे आणि गाडीतून पडणारे असे दोन्ही त्यांत आले. दुर्घटनेनंतर नव्या गाड्यांना स्वयंचलित दरवाजे बसविण्याची घोषणा झाली. दारे बंद झाल्यावर बाहेर राहणाऱ्यांसाठी गाड्या वाढणार आहेत काय, हा खरा प्रश्न आहे. ठाणे-दिवा दरम्यानच्या पाचव्या-सहाव्या मार्गिकेला २००८ साली मंजुरी मिळाली आणि ती १८ फेब्रुवारी २०२२ रोजी पूर्णांशाने सुरू झाली. तेवढ्या चौदा वर्षांत दिवा, कोपर आणि डोंबिवली परिसरात किती इमारती उभ्या राहिल्या, ते गाडीच्या खिडकीतूनही मोजता येत नाही.

पहिला आणि शेवटचा किलोमीटर

रेल्वेचे १५ रुपये हे प्रवासाच्या मधल्या टप्प्याचे. घर ते स्थानक आणि स्थानक ते कार्यालय ही दोन टोके वेगळीच. १ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबई महानगर प्रदेशात रिक्षाचे किमान भाडे, पहिल्या दीड किलोमीटरसाठी, २३ वरून २६ रुपये झाले. हेच भाडे २०२१ च्या आरंभी १८ रुपये होते. मे २०२५ मध्ये मुंबईत 'बेस्ट'च्या साध्या बसचे किमान भाडे ५ वरून १० रुपयांवर गेले. म्हणजे मीटरने रिक्षा आणि पलीकडे बस असे धरले, तर मधल्या ४८ किलोमीटरला १५ रुपये आणि दोन टोकांच्या दोन-तीन किलोमीटरना ३६ रुपये पडतात. डोंबिवली-कल्याणात मीटरऐवजी शेअर रिक्षांचाच प्रघात आहे. त्यामुळे माणशी खर्च कमी होतो, पण चौथा प्रवासी चालकाच्या शेजारी अर्धा बाहेर बसलेला असतो. महापालिकांची परिवहन सेवा पुरेशी असती तर हा खर्च निम्म्यावर आला असता. ठाण्याची परिवहन सेवा वर्षानुवर्षे महापालिकेच्या अनुदानावर तग धरून आहे आणि कल्याण-डोंबिवलीची तर रस्त्यावर क्वचितच दृष्टीस पडते.

स्थानकालगत जागा संपल्यावर घरे दूर गेली, हे या खर्चामागचे कारण आहे. ठाण्यात घोडबंदर रस्त्याने कासारवडवलीपर्यंत आणि त्याही पुढे, डोंबिवलीत कल्याण-शिळ रस्त्याने खोणी-निळजेपर्यंत वसाहती पसरल्या. नकाशावर त्या ठाण्यात किंवा डोंबिवलीत असतात, परंतु स्थानक गाठायला गर्दीच्या वेळी पाऊण तास लागतो. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाचही प्रवेशद्वारांवरील टोल हलक्या वाहनांना माफ झाला आणि मोटारीने जाणाऱ्यांचे एका वेळचे ४५ रुपये वाचले. घोडबंदरच्या कोंडीत जळणारे पेट्रोल मात्र वाचलेले नाही.

डोंबिवलीहून दक्षिण मुंबईतील कार्यालय गाठायला घरापासून पावणेदोन तास धरले, तर दिवसाचे साडेतीन तास प्रवासात जातात. वर्षाच्या २८० कामाच्या दिवसांत ते ९८० तास होतात, म्हणजे आठ तासांच्या १२२ पाळ्या. या पाळ्यांचे वेतन मिळत नाही, उलट त्यांच्यापायी घरात नवे खर्च उभे राहतात. नवरा-बायको दोघेही रात्री नऊला घरी पोहोचत असतील, तर मूल पाळणाघरात वाढते आणि रात्रीचे जेवण पोळी-भाजी केंद्रातून येते. डोंबिवलीत गल्लोगल्ली दिसणारी ही केंद्रे कित्येक घरांतील गृहिणींना रोजगार देतात, ही समाधानाची बाजू आहे. पण ती चालतात ती मुळात पोळ्या लाटायला घरी कोणी नसल्यामुळे. आई-वडील गावाहून येऊन राहिले तर पाळणाघराचे पैसे वाचतात, मात्र मग वन-रूम-किचन अपुरे पडते आणि हिशेब पुन्हा घराच्या किमतीपाशी येऊन थांबतो.

हप्ता आणि शुल्क

घराची किंमत हा या हिशेबातील सर्वांत मोठा आकडा आणि सर्वांत अस्थिरही. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर मे २०२० ते मे २०२२ पर्यंत ४ टक्के होता. तेथून तो फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहा टक्क्यांवर गेला. २०२५ मध्ये टप्प्याटप्प्याने कपात होऊन डिसेंबरात तो सव्वापाच टक्क्यांवर आला. हे आकडे अर्थतज्ज्ञांसाठी असतात असे मानण्याचे कारण नाही. वीस वर्षे मुदतीच्या ५० लाखांच्या कर्जाचा हप्ता ७ टक्के व्याजाने सुमारे ३८ हजार ८०० रुपये येतो आणि ९ टक्क्यांनी सुमारे ४५ हजार. महिन्याला सहा हजारांचा हा फरक एका मध्यमवर्गीय घराच्या किराण्याएवढा आहे. बँका बहुधा हप्ता न वाढविता मुदत वाढवितात. त्यामुळे धक्का तत्काळ जाणवत नाही. पन्नाशीत फिटेल असे वाटलेले कर्ज निवृत्तीच्या उंबरठ्यापर्यंत सोबत येते, हे पुढे केव्हातरी खाते-उतारा काळजीपूर्वक वाचल्यावर लक्षात येते.

त्यात मुद्रांक शुल्काची गंमत पाहण्यासारखी आहे. मुंबईत घर विकत घेताना ६ टक्के मुद्रांक शुल्क भरावे लागते, ठाण्यात ७ टक्के. (महिलेच्या नावे घर घेतल्यास एक टक्का सवलत दोन्हीकडे आहे.) मुंबईत घर परवडत नाही म्हणून ठाण्यात आलेला ग्राहक ८० लाखांच्या सदनिकेवर ५ लाख ६० हजार रुपये शुल्क भरतो. मुंबईच्या दराने ते ४ लाख ८० हजार झाले असते. या सात टक्क्यांत एक टक्का मेट्रोसाठीचा अधिभार आहे आणि तो एप्रिल २०२२ पासून पुन्हा लागू झाला. वडाळा-कासारवडवली मेट्रोच्या ठाण्यातील टप्प्यावर पहिली चाचणी फेरी झाली ती २२ सप्टेंबर २०२५ रोजी. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचे भूमिपूजन पंतप्रधानांच्या हस्ते कल्याणमध्ये १८ डिसेंबर २०१८ रोजी झाले होते. २०२२ ते २०२५ या काळात ठाण्यात घर घेणाऱ्या प्रत्येकाने मेट्रोचे पैसे भरले आणि तो लोकलनेच गेला.

प्राप्तिकर खात्याचा नियम यापेक्षाही मासलेवाईक. घरभाडे भत्त्यावरील करसवलतीसाठी मुंबईतील भाडेकरूला मूळ पगाराच्या ५० टक्क्यांपर्यंतची मर्यादा आहे, तर ठाणे-डोंबिवलीतील भाडेकरूला ४० टक्क्यांची. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला घरभाडे भत्ता देताना मात्र हीच शहरे बृहन्मुंबई महानगरात धरली जातात आणि भत्ता सर्वोच्च श्रेणीच्या दराने मिळतो. म्हणजे एकाच सरकारच्या एका नियमात ठाणे मुंबईत आहे आणि दुसऱ्यात नाही. पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर मुंबईत २०२२ च्या आरंभी संपूर्ण माफ झाला. मुंबईतील तेवढ्या घराची किंमत पाहता, ही माफी मिळविणारा तुलनेने कोठे असतो आणि करासाठी रांगेत उभा राहणारा कोठे, हे वेगळे सांगायला नको.

पाणी विकत, कचरा दारात

घराचा ताबा मिळाल्यावर सोसायटीची पहिली सर्वसाधारण सभा बहुधा टँकरच्या बिलावरून गाजते. ठाणे शहराच्या मालकीचे एकही धरण नाही. स्टेम प्राधिकरण, मुंबई महापालिका आणि औद्योगिक विकास महामंडळ यांच्याकडून मिळेल त्या पाण्यात महापालिकेची स्वतःची योजना मिळवून शहराची तहान भागवावी लागते. मुंबईला पाणी पुरविणारी भातसा आणि तानसा ही धरणे ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात आहेत. त्याच तालुक्यातील पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात आणि घोडबंदरच्या वीस मजली इमारतीही. फरक एवढाच की, पाड्यावरचा टँकर सरकार पाठविते आणि घोडबंदरचा सोसायटी विकत घेते. महापालिकेची पाणीपट्टी भरूनच. मासिक देखभाल खर्चात हा आकडा मिळविला की 'परवडणाऱ्या घरा'ची जाहिरात पुन्हा एकदा वाचून पाहावीशी वाटते.

सुविधा मागे आणि बांधकामे पुढे, ही तक्रार रहिवाशांचीच नाही. उच्च न्यायालयाने ती दोनदा अधोरेखित केली आहे. कचऱ्याची शास्त्रोक्त विल्हेवाट होत नाही म्हणून २०१५ मध्ये कल्याण-डोंबिवलीतील नव्या बांधकाम परवानग्या न्यायालयाने रोखल्या. पाणी नाही म्हणून २०१७ मध्ये घोडबंदर परिसराबाबत तसाच आदेश निघाला. दोन्ही निर्बंध काही काळाने शिथिल झाले. कल्याणच्या आधारवाडी येथील डोंगराएवढ्या झालेल्या क्षेपणभूमीवर कचरा टाकणे थांबायला मात्र मे २०२१ उजाडावे लागले.

या सर्व खर्चांना कंटाळून जो आणखी स्वस्त घर शोधू लागतो, त्याच्यापुढे सर्वांत मोठा धोका असतो. शिळ येथे ४ एप्रिल २०१३ रोजी बेकायदा इमारत कोसळून ७४ माणसे मेली. इमारतीचे बांधकाम सुरू असतानाच तीत माणसे राहायला आली होती, कारण तेवढेच भाडे त्यांना परवडत होते. डोंबिवलीतील ६५ इमारतींचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. महापालिकेची बनावट बांधकाम परवानगी सादर करून त्यांची महारेराकडे नोंदणी करण्यात आली. ग्राहकांनी महारेराचा क्रमांक पाहिला, अनेकांनी बँकांकडून कर्ज घेतले, मुद्रांक शुल्क भरून दस्त नोंदविले. सामान्य माणसाने घेता येईल ती सारी काळजी घेतली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने या इमारती पाडण्याचा आदेश दिला. त्यानंतर मोर्चे निघाले, शिष्टमंडळे मंत्रालयात गेली, आश्वासनेही मिळाली. घर जाईल की राहील हे कळण्यापूर्वीही बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेलाच खात्यातून वळता होतो. फसवणूक करणाऱ्यावर गुन्हा दाखल होतो. पण ज्या कार्यालयाने परवानगीची खातरजमा न करता नोंदणी दिली, ज्या कार्यालयाने शुल्क घेऊन दस्त नोंदविला आणि ज्या प्रभागाच्या हद्दीत पाच-सात मजले चढेपर्यंत कोणालाही काही दिसले नाही, त्यांच्याकडून ग्राहकाला एक रुपयाही परत मिळण्याची तरतूद नाही. महागाईच्या चर्चेत डाळ, गॅस आणि दूध यांचे दर येतात आणि ते यायलाच हवेत. एप्रिल २०२५ मध्ये सिलिंडर ५० रुपयांनी महागला तेव्हा ती पहिल्या पानावरची बातमी झाली. येथे तर एकेका कुटुंबाची पंधरा-वीस वर्षांची बचत पणाला लागली आहे.

या प्रश्नांचा जाब विचारायला सभागृहात कोणी नव्हते, हेही नोंदविले पाहिजे. कल्याण-डोंबिवलीच्या नगरसेवकांची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली, ठाण्याची मार्च २०२२ मध्ये. पुढची निवडणूक झाली ती थेट जानेवारी २०२६ मध्ये. मधली पाच अर्थसंकल्पी वर्षे कल्याण-डोंबिवलीचा कारभार प्रशासकाने पाहिला. नगरसेवक असते तर टँकर थांबले असते, असा भाबडा समज करून घेण्याचे कारण नाही. तरीही पाणीपट्टी किती, परिवहनासाठी तरतूद किती आणि बेकायदा मजले कोणाच्या प्रभागात चढले, हे प्रश्न निदान इतिवृत्तात आले असते. नव्या सभागृहांच्या पहिल्या अर्थसंकल्पी चर्चांत ते येतात काय, हे तपासण्यासारखे आहे.

दरम्यान, घराच्या शोधात निघालेली पुढची पिढी कल्याणही ओलांडून गेली आहे. बदलापूर, वांगणी, शेलू एका फाट्यावर आणि टिटवाळा, वाशिंद, आसनगाव दुसऱ्या फाट्यावर. या गावांतील गृहप्रकल्पांच्या जाहिराती मध्य रेल्वेच्या डब्यांतच चिकटविलेल्या असतात. 'स्थानकापासून चालत पाच मिनिटांवर' असे त्यांवर ठळक अक्षरांत छापलेले असते. त्या स्थानकावरून मुंबईला जाणारी गाडी किती वेळाने सुटते, ते छापलेले नसते. कल्याणनंतर दोन्ही फाट्यांवर गाड्यांची संख्या झपाट्याने घटते. कल्याण-बदलापूर तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेला मंजुरी मिळाली २०१९ साली.